मोहगावचं बटन

मोहगावच्या डब्याला बॅटरी बसली, तर श्रीधरला मिळणार होतं ते असं: पांढुर्ण्याला घराजवळ बदली, नावापुढे ‘रिंग प्रभारी’ आणि रोज बसमध्ये जाणारे अडीच तास. शिवाय छायाच्या हातचा चार वाजताचा चहा. लग्नाला सतरा वर्षं झाली, पण तो त्याला रविवारशिवाय मिळाला नव्हता. जाणार काय होतं, तर काहीच नाही. मागणीपत्रावर सही करताना निदान त्याला तसं वाटलं.

“बॅटरी लागली का मोहगावची माय आठ घंटे बटन बंद करून बसली तरी लाल दिवा लागत नाही,” विनोद म्हणाला. शिडी आणि वायरचं भेंडोळं घेऊन मोटारसायकलवर रिंगभर फिरणारा लाइनमन तो.

“म्हणून तं लावून राहिलो,” श्रीधर म्हणाला, आणि कागद पुढे सरकवला.

सौंसरच्या त्या खोलीत त्याचं काम एवढंच, की पडद्याकडे बघायचं. पडद्यावर एक गोल, गोलावर पाच ठिपके: सौंसर, बोरगाव, जामसांवली, मोहगाव, पांढुर्णा. जमिनीखालून इंटरनेटची काचेची तार ही पाची स्टेशनं जोडत पुन्हा सौंसरला येते, म्हणून ती रिंग. एका जागी तुटली तरी सगळं उलट्या बाजूने फिरून पोचतं, कोणाला पत्ताही लागत नाही. ठिपका हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे कुरकुर, लाल म्हणजे स्टेशन बंद. लाल झालं की तिथल्या माणसाला फोन लावायचा.

मोहगावचं माणूस म्हणजे अंबाबाई. वय पंच्याहत्तर, मुलगा मोरेश्वर नागपूरला, घरात ती एकटी. स्टेशनच्या यंत्रांचा डबा तिच्या अंगणात आणि त्याच्या विजेचं बटन तिच्या ओसरीत. पूर्वी रोज सकाळी प्रत्येक स्टेशनला फोन करून ‘चालू हाय का’ विचारायची पद्धत होती. अंबाबाई आधी डब्यातल्या दिव्यांचे रंग सांगायची, मग वांग्यांचा भाव, मग सुनेचे गुण. सुनेला वेळ जास्त लागे. पुढे नवा पडदा आला, दिवे आपोआप दिसायला लागले आणि फोन बंद झाले.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यापासून मोहगाव दर सोमवारी आणि गुरुवारी बरोबर अकराला लाल व्हायला लागलं.

“माय, लाईट हाय का वो घरी?”

“हाय न. पंखा फिरून राहिला.”

“मंग डब्याचं बटन पाय बरं.”

“अव्व माय, बंदच हाय बाप्पा. झाडतानी झाडूचा धक्का लागला असन.”

झाडूचे असे धक्के वर्षभरात चौऱ्याण्णव लागले. दर धक्क्याला दहा मिनिटं बोलणं व्हायचं. त्यात श्रीधरची मुलगी हिमानी बारावी झाली आणि मोरेश्वरने दोनदा येतो म्हणून येणं टाळलं. फोन ठेवल्यावर श्रीधर कारणाच्या रकान्यात ‘विद्युत अवरोध’ लिहून मोकळा व्हायचा. एकदा मात्र त्याने विचारलंच.

“माय, तू फोनच करत जा न. बटन काहाले दाबतं?”

अंबाबाई म्हणाली, “मी केला तं लोकाइले वाटते, बुढीले काही पायजे. तू केला तं तुलेच माह्याकडे काम असते.”

त्या दिवशीही श्रीधरने रकान्यात ‘विद्युत अवरोध’च लिहिलं.

मग एका गुरुवारी बोरगाव आणि जामसांवलीच्या मध्ये रस्त्याच्या कामात मशीनने तार तोडली. एरवी रिंग मोहगावकडून उलटी फिरली असती, पण अकरा वाजले होते आणि मोहगाव बंद होतं. मधलं जामसांवली दोन्हीकडून तुटलं. रेशनच्या मशीनवर अंगठे उठेनात, साठ-सत्तर माणसं पिशव्या धरून उन्हात बसली. श्रीधर बोरगावच्या फोनांत अडकला. मोहगावला फोन लावायला त्याला पावणेदोन तास लागले. तोवर अंबाबाई मांडीवर फोन घेऊन वाट पाहत होती. फोन आल्याशिवाय बटन लावायचं नाही, हा तिचा नेम.

छिंदवाड्याहून वरिष्ठ अभिजीतसाहेबांनी वर्षाचा हिशेब मागवला. चौऱ्याण्णव वेळा वीज गेली म्हणता, मग शेजारची पिठाची चक्की कशी चालू होती, असं त्यांनी शांतपणे विचारलं. एक तर बॅटरी लावा आणि डब्याला कुलूप घाला, नाही तर डबा दुसऱ्याच्या अंगणात न्या. बदलीचा कागद आपल्याच टेबलावर आहे, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं.

बॅटरी बसली. आता अंबाबाईने बटन बंद केलं तर ठिपका नुसता पिवळा झाला असता आणि घंटी वाजली असती. दर सोमवारी, गुरुवारी कोण ऐकणार, म्हणून श्रीधरने पिवळंही हिरव्यातच दिसेल अशी सोय करून घेतली. नोंद मात्र आत होत राहायची. फोन मी आपणहून करत जाईन, असं त्याने अंबाबाईला सांगितलं होतं. दोन सोमवार, एक गुरुवार केलाही. मग पांढुर्ण्याच्या घराचं रंगकाम काढलं, मग हिमानीच्या कॉलेजची धावपळ झाली. चाळीस दिवस मोहगाव हिरवंगार होतं.

एका मंगळवारी संध्याकाळी पाच एक्केचाळीसला मोहगाव लाल झालं. श्रीधरला हसूच आलं. ‘माय, लागला का झाडूचा धक्का?’ हे वाक्य तोंडात तयार ठेवून त्याने फोन लावला. बेल वाजत राहिली. तिसऱ्यांदाही उचलला नाही, तेव्हा त्याने जामसांवलीला असलेल्या विनोदला पाठवलं.

अर्ध्या तासाने विनोदचा फोन आला. “भाऊ, माय ओसरीत हाय. भिंतीले टेकून बसली. हात बटनापर्यंत पोचून राहिला.”

“बोलून राहिली का?”

“नाही जी. थंडगार पडली हाय.”

डॉक्टर म्हणाले, छातीत सकाळीच दुखायला लागलं असावं. दुपारपर्यंत तरी जीव होता. मोरेश्वरने फोनमधली शिल्लक दोन महिन्यांपूर्वी संपू दिली होती. फोन येत होते, जात नव्हते.

रात्रीच्या माणसाला खुर्ची देण्याआधी श्रीधरने पिवळ्या नोंदी उघडल्या. नऊ दोनला वीज बंद. नऊ तीनला चालू. नऊ चारला बंद. नऊ सहाला चालू. पुढे अंतर वाढत गेलं होतं. अकरावी आणि शेवटची नोंद नऊ एक्केचाळीसला, बंद; त्यानंतर चालू नाही. बॅटरीने पुढचे आठ तास स्टेशन व्यवस्थित सांभाळलं. त्या वेळी आपण इथेच बसलो होतो, हे त्याला आठवलं. चहावाल्या चंचलने टेबलावर दोन कप चहा मांडला होता आणि पेपरात सोन्याचा भाव होता.

अहवालाचा फॉर्म हिंदीत असतो आणि कारण यादीतलंच निवडावं लागतं. त्याने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा वाचली, आणि ‘विद्युत अवरोध’ निवडलं. खाली ‘अन्य प्रभावित स्टेशन’ असा रकाना होता. त्यात त्याने लिहिलं: निरंक.

ते खोटं नव्हतं. रिंग उलटी फिरली होती. जामसांवलीचे अंगठे उठले, बोरगावची बँक चालली, कंपनीला दंड बसला नाही. महिनाअखेर श्रीधरला बदली मिळाली, चार वाजताचा चहाही मिळाला. कोणाकडून काही गेलं नाही. जे भरायचं होतं ते अंबाबाईने एकटीने भरलं, भिंतीला टेकून, बसल्या जागेवरून, अकरा हप्त्यांत.