चौथी खुर्ची

"ही खुर्ची रिकामी नाही," मॅलकी म्हणाला आणि त्याने आपली टोपी तिच्यावर ठेवली.

खुर्ची मागायला आलेली साइव, यंदाच शाळा संपवलेली पोर, आपल्या संघापाशी जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. माझा पब खचाखच भरला होता. नाताळ उलटला की आमच्या गावात सरत्या वर्षावर प्रश्नमंजुषा होते: बातम्या, खेळ आणि गाणी. चौघांचा संघ, आणि प्रश्न विचारणार मी, डिंफना. माझ्याशी वाद घालायची सोय नाही.

मॅलकी गेराटी दुधाचा टँकर चालवतो. अर्ध्या रॉसकॉमन परगण्यातल्या गोठ्यांची कुत्रीसुद्धा त्याला ओळखतात. गाडीत दिवसभर बातम्या आणि सामने ऐकायचे, हाच त्याचा अभ्यास. गाणी त्याच्या बायकोच्या, कॉन्सेप्टाच्या, वाट्याची. स्वयंपाकघरात तिचा रेडिओ पहाटेपासून कोकलत असे. हे दोघं आणि तिचे दोन भाऊ दरवर्षी करंडक न्यायचे आणि बाकीचे संघ दातओठ खायचे.

मार्चमध्ये कॉन्सेप्टा गेली. एखादं तरुण पोर संघात घे, असं मी मॅलकीला सुचवून पाहिलं होतं.

"तिच्या वाट्याचंही मला येतं," तो म्हणाला. "करंडक तिचा आहे, डिंफना. तो घरी जाणारच."

आणि जाईल असंच वाटत होतं. निवडणूक, वादळ, हर्लिंगचा अंतिम सामना, रग्बीतला तो शेवटच्या क्षणाचा घोळ, गड्याचं एक उत्तर चुकेल तर शपथ. मग गाण्यांची फेरी आली. मी जानेवारीपासून क्रमाने एकेक तुकडा वाजवू लागले. पहिली दोन-तीन गाणी त्याने अशी झटपट लिहिली की मेव्हणे थक्क झाले.

एप्रिलचं गाणं लागलं आणि त्याचं पेन थांबलं. उन्हाळ्यातलं गाणं तर इथल्या प्रत्येक लग्नात वाजलेलं. त्याने मेव्हण्यांकडे पाहिलं, मेव्हण्यांनी छताकडे. तेव्हा मला उमगलं. मार्चनंतर त्या घरात रेडिओ लागलाच नव्हता.

साइवच्या संघाने करंडक नेला. माणसं पांगू लागली, तसा मॅलकी कोट चढवून माझ्यापाशी आला. यंदा गाणी जरा अवघडच काढली मी, असं मी पुटपुटले.

"अवघड नव्हती," तो म्हणाला. "ते शेवटचं पुन्हा लाव. सगळं."

मी लावलं. तो उभ्यानेच ऐकत राहिला. आजूबाजूचे सगळे गुणगुणत होते, त्याला एक शब्द येत नव्हता.

"तिला आवडलं असतं," तो म्हणाला.

मग त्याने टोपी उचलून डोक्यावर घातली आणि ती खुर्ची स्वतः साइवपाशी नेऊन ठेवली.

"बस, पोरी. संध्याकाळभर उभी आहेस. आणि मला सांग, हे गातंय कोण?"