बिनचुलीचा पाहुणचार

नळाच्या तोटीला टांगलेली दह्याची पुरचुंडी कस्तुराबाईंनी सोडली, पातेल्यात उपडी केली आणि पातेलं फ्रिजमध्ये पार मागं ढकललं. ओट्याशी पुदिना निवडणाऱ्या त्यांच्या सुनेच्या, हर्षालीच्या हातातली काडी हातातच राहिली.

"आत्या, त्याचंच तर डिप करायचंय. रात्रभर पाणी गळायला लावलं होतं मी."

"दही नको."

"का?"

"थंडी पडलीय. तुझ्या मामास्नी सर्दी हुती."

मामा, म्हणजे तिचे सासरे वीरभद्र, कालच भर थंडीत ताकाचा तांब्या तोंडाला लावून उभे होते, हे हर्षालीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तिनं पुदिन्याची पुढची काडी उचलली. सासूबाईंशी वाद घातला की जिंकायचं आपण आणि व्हायचं मात्र त्यांच्या मनासारखं, एवढं तिला लग्नानंतरच्या या पहिल्या वर्षात कळून चुकलं होतं.

लग्नाचा तो पहिलाच वाढदिवस आज साजरा व्हायचा होता. चिंचवडला वाढलेल्या हर्षालीनं मुरुम गावच्या या घरात स्वतःच्या डोक्यानं मांडलेला हा पहिला कार्यक्रम. बेत सोपा होता: कुणी गॅसपुढं उभं राहायचं नाही. काकडी, गाजर, मुळा, पेरू आणि शेतातली शेवटची वाळकं चिरायची, कडक भाकरीचे तुकडे करायचे आणि मधोमध बुडवून खायला एक चटणीवजा डिप. गल्लीतली चार माणसं येतील, अंगणात बसतील, गप्पा होतील.

तिला वाटलं होतं, सासूबाई नाक मुरडतील. पाहुण्यांपुढं कच्चा पाला ठेवायचा, आणि तोही कस्तुराबाईंच्या घरात! त्या फोडणी द्यायच्या तेव्हा स्वयंपाकघराची पूर्वेकडची खिडकी मुद्दाम उघडी ठेवायच्या, अशी त्यांची ख्याती. पूर्वेला धाकट्या दिराचं, गुंडाप्पांचं घर होतं. मधे एकच भिंत. दोघा भावांचं बोलणं बंद होतं. हर्षालीच्या लग्नालाही तिकडून कुणी आलं नव्हतं. कशावरून बिनसलं, हे तिनं एकदा नवऱ्याला, योगीराजला विचारलं होतं. "पाण्यावरून," एवढंच बोलून त्यानं कूस बदलली होती. भावाभावांतलं बंद झालं तरी वास काही भिंतीला अडत नाही, आणि कस्तुराबाई हे पक्कं धरून चालणाऱ्या.

पण बेत ऐकल्यावर त्यांनी नाक मुरडलं नव्हतं. उलट वाती वळता वळता थांबून विचारलं होतं,

"चुलीवर कायच न्हाय?"

"काहीच नाही."

"गॅसवर बी?"

"नाही, आत्या. सगळं कच्चं."

त्यावर त्यांनी हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाल्या, "कर. लई चांगलं हाय." आणि तेव्हापासून कार्यक्रम हर्षालीचा आणि हुकूम त्यांचा, असं सुरू झालं होतं.

"ह्याला म्हनायचं काय पण?"

"स्टार्टर."

"काय?"

"स्टार्टर. जेवणाच्या आधी खातात. भूक लागावी म्हणून."

कस्तुराबाईंनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. खाटेवर पडलेल्या वीरभद्रांना मात्र राहवलं नाही.

"भुकेला स्टार्टर? आपल्या घरात समदे डायरेक्टच हायेत की!"

स्वतःच्या विनोदावर ते खोकला येईपर्यंत हसले. ज्याची विहिरीवर मोटार आहे, त्यालाच कळावा असा तो विनोद. मोटार चालू करायची पेटी म्हणजे स्टार्टर; तो बिघडला की शेतकरी वायर थेट जोडून मोटार चालू करतो, त्याला डायरेक्ट म्हणतात. आणि मोटार जाळायचा तो हमखास मार्ग असतो.

आमंत्रणाचा मेसेजही आज सकाळी कस्तुराबाईंनीच सांगितला. हर्षाली टाइप करत होती. "लिही, आज सांजच्याला स्टार्टर घ्यायला या. वाट बघतो."

"घ्यायला? खायला लिहू ना?"

"तूच म्हनलीस ना काल, पार्टीत स्टार्टर घेत्यात म्हणून? घ्यायलाच लिही. आन् गुंडाप्पाला बी धाड."

हर्षालीनं मान वर केली. "काका येतील?"

"बोलवायचं आपलं काम." त्यांनी पदराच्या टोकानं फोनची काच उगाचच पुसली. "एक डाव ह्यो उंबरा वलांडून आत यावा त्यानं. माझं दुसरं काय मागनं न्हाय बघ."

आता दही गेल्यावर डिपचं काय, हा प्रश्न होता. त्यावर तोडगा काढून कस्तुराबाई पाट्यापुढं बसल्याही होत्या. शेंगदाणे हवेत म्हणाल्या. हर्षालीनं भाजलेल्या शेंगदाण्यांचा डबा काढून दिला, तर तो त्यांनी बाजूला सारला आणि पाण्यात भिजत टाकलेल्या कच्च्या शेंगदाण्यांची वाटी पुढं ओढली. सकाळीच कधीतरी भिजत घातले असणार.

"आत्या, भाजलेल्याची चव चांगली येईल ना?"

"ह्येच्या चवीला काय झालं? वाट गप."

भिजून फुगलेले दाणे, हिरवी मिरची, लसूण, मूठभर कोथिंबीर, हर्षालीच्या आग्रहाखातर पुदिना, गार पाण्यात कोळलेली चिंच, गुळाचा खडा, मीठ. वरवंटा फिरू लागला तसा पाट्यावर फिक्या हिरव्या रंगाचा, लोण्यासारखा मऊ गोळा जमत गेला. हर्षालीनं बोटभर चाखला आणि दही विसरली.

भाकरीची गंमत तर त्याहून मोठी. दुकानातल्या कडक भाकरीला कस्तुराबाई पुठ्ठा म्हणायच्या. त्यांच्या हातची भाकरी पापडासारखी पातळ, महिना महिना टिकणारी. डब्यात पडलेलीही होती. तरी त्यांनी योगीराजला उमरग्याला पिटाळून दुकानातली पाकिटं आणायला लावली. हर्षालीनं मनात म्हटलं, वय झालं की माणसं अशी करतात.

संध्याकाळी अंगणात सतरंज्या पडल्या. गल्लीतली मंडळी आली, ताटाभोवती बसली. कुरुमकुरुम आवाज सुरू झाला. आधी लाजत, मग एकमेकांच्या हाताखालून. समोरच्या घरातले दगडोबा सगळ्यांत पुढं. त्यांनी गाजर बुडवलं, मुळा बुडवला, पेरू बुडवला, बोट बुडवलं, आणि मग हात पुसत विचारलं,

"ब्येस झालं सूनबाई. आता जेवान कवा हाय?"

"ह्येच जेवान," कस्तुराबाई म्हणाल्या. "सकाळधरनं उपाशी आलाव व्हय?"

हसण्याची लाट उठली आणि मधेच विरली. फाटकात गुंडाप्पा उभे होते. एका हातात पाना, दुसऱ्या हातात पक्कड, खांद्यावर रिकामं पोतं. मागं त्यांची बायको रुद्रम्मा, डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून.

"वहिनी, आण्णा हाय का घरात?"

"हायेत की. या, या."

"येत न्हाय. स्टार्टर घ्यायला बोलीवलंय न्हवं? तेवढा सोडवून घेतो, जातो." त्यांनी पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. आवाज जरा खाली आला. "आमच्या बोअरचा जळलाय परवा. म्हनलं, आण्णाच्या कानावर गेलं आसंल."

हर्षालीला एवढंच कळलं की काका आले. ती आनंदानं ताट उचलून त्यांच्यासमोर गेली. "हे घ्या ना काका, स्टार्टर!"

गुंडाप्पांनी ताटाकडं पाहिलं. गाजराकडं पाहिलं. मग हातातल्या पान्याकडं. दगडोबांच्या नाकातून आधी एक आवाज निघाला आणि मग अख्खं अंगण फुटलं.

योगीराजनं हर्षालीला मागं ओढलं. "काय लिहिलं होतंस तू?" आणि कानाशी लागून दोन वाक्यांत सगळं सांगितलं. काकांनी बोअर नंतर घेतलं. आधी विहीर दोघांची, पण मोटारीच्या स्टार्टरची पेटी आपल्या शेतातल्या खोपीत, कुलूप आपलं. बाबा एकदा किल्ली खिशात घेऊनच नळदुर्गला लग्नाला गेले आणि काकांचा कांदा पाण्यावाचून वाळला. त्या दिवशी काका याच फाटकात उभं राहून गल्लीदेखत म्हणाले होते, "ह्या चुलीवरचं अन्न तोंडात घातलं तर बापाचं नाव लावनार न्हाय."

हर्षालीनं ताट सतरंजीवर टेकवलं. पहिलाच कार्यक्रम, आणि आपण काय करून बसलो!

गुंडाप्पा वळले होते. "चेष्टा करायला बोलीवलं व्हय वहिनी? बरं केलंसा."

"चेष्टा कोन करतंय?" कस्तुराबाई जागच्या हलल्या नाहीत. "पोर शहरातली. तिच्याकडं ह्याला स्टार्टर म्हनत्यात. आता आलाव तर बसा, खावा."

"तुमच्या चुलीवरचं खात न्हाय म्या. ठावं हाय तुमास्नी."

"मग खावा की. चुलीवरचं हाय कुठं?"

गुंडाप्पा फाटकाची कडी धरून उभे राहिले. शपथ मोडायची नाही आणि डावही हरायचा नाही, अशा माणसाचा चेहरा हर्षाली पहिल्यांदाच पाहत होती. त्यांनी पान्याचं टोक ताटाकडं केलं.

"ही चटनी?"

"पाट्यावरची."

"शेंगा भाजलेल्या आसतील."

"भिजीवल्याल्या. चावून बघा."

"दही आसंल. दूध तापवल्याबिगर दही लागत न्हाय."

"थेंब न्हाय दह्याचा."

"गूळ?"

"गूळ गुऱ्हाळातला. तिथं काय माझी चूल हाय?"

"आन् भाकरी? भाकरी काय उन्हात भाजली?"

"इकतची हाय. उमरग्याची."

"अवं अक्का!" रुद्रम्माच्या तोंडून निसटलं. "तुमी, आन् इकतची भाकरी?"

हर्षालीनं फ्रिजकडं पाहिलं नाही, डब्याकडंही पाहिलं नाही. तिनं सासूबाईंकडं पाहिलं. त्या सतरंजीचा दुमडलेला कोपरा सरळ करण्यात गुंतल्या होत्या. इतक्या, की जणू आज गावात त्याहून महत्त्वाचं काम नव्हतं.

गुंडाप्पांचे प्रश्न संपले. तेवढ्यात रुद्रम्मा त्यांच्या बाजूनं आत सरकली, खाली बसली, भाकरीचा तुकडा मोडला आणि चटणीत चांगला खोल बुडवला.

"अगं!" गुंडाप्पा म्हणाले.

"म्या कुठं शपथ घेटली हुती?" भरल्या तोंडानं ती म्हणाली. "तुमीच घेटली. तुमी ऱ्हावा हुबं."

कुणीतरी खाकरून हसू दाबलं. गुंडाप्पांनी पाना आणि पक्कड पोत्यात घातली, पोतं फाटकाशी ठेवलं, आणि वहाणा काढल्या. सतरंजीच्या अगदी काठावर बसले, म्हणजे कधीही उठता यावं. ताटाकडं हात गेला. वाळकाची एक फोड त्यांनी उचलली.

"ती देठाकडची हाय. कडू लागंल."

आवाज दारातून आला होता. वीरभद्र चौकटीला हात लावून उभे होते. कधीचे, कुणास ठाऊक. बोलून झाल्यावर आपणच बोललो याचं त्यांना नवल वाटल्यासारखं झालं. त्यांनी घसा साफ केला आणि वाक्य पुरं करून टाकलं.

"मधली घे."

गुंडाप्पांनी फोड ठेवली. मधली घेतली. चटणीत बुडवली, खाल्ली, आणि बराच वेळ चावत राहिले. वाळूक काही एवढं चावावं लागत नाही.

वीरभद्र येऊन सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला टेकले. मधे ताट, ताटाभोवती गल्ली. दोघांनीही एकमेकांकडं पाहायचं टाळलं आणि दोघांनीही एकाच वेळी गाजराला हात घातला.

"जळला कसा?" वीरभद्रांनी गाजराला विचारलं.

"एक फेज गेला. मोटार नुस्ती घुरघुरत ऱ्हायली. म्या पलीकडं पाण्याची दारं धरत हुतो, मला काय ठावं."

"वास आला आसंल की."

"वास आला तवर कॉइल गेल्ती."

"लाइटच तसली हाय."

"लई बेकार लाइट, आण्णा."

वीज कंपनीला चार शिव्या घालण्याइतकं सलोख्याचं काम शेतकऱ्यांना दुसरं नाही. त्यात दगडोबा उतरले, मग सगळेच उतरले. हर्षालीनं ताट पुन्हा भरलं. चटणी संपत आली होती. पाट्यावरचं निपटून तिनं वाटीत घातलं. रुद्रम्मा तिच्या हातातली बांगडी फिरवून पाहत म्हणाली, "लग्नात घाटलेल्या का ग ह्या?" आणि हर्षालीनं दुसरा हातही तिच्यापुढं केला.

अंधार पडू लागला. गल्लीतली एक-दोन माणसं उठायच्या बेतात होती. तेव्हा कस्तुराबाई, आज दिवसभर ज्यांनी कशालाही विस्तव लागू दिला नव्हता, त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि अंगणातल्या कुणाकडंही न बघता म्हणाल्या,

"च्या टाकू का?"

उठणारे बसले. दगडोबांच्या तोंडातला मुळा वाजायचा थांबला. चहा कशावर होतो, हे तिथं बसलेल्या लेकरालाही ठाऊक होतं.

गुंडाप्पांनी बोटांना लागलेली चटणी आधी एका हाताची, मग दुसऱ्या हाताची, धोतराच्या सोग्याला पुसली. रुद्रम्मा त्यांच्याकडं पाहत होती आणि पाहत नाही असं दाखवत होती.

"साखर बेतानं टाका वहिनी," ते खाली बघत म्हणाले. "शुगर निघालीया मला."

हर्षाली उठायला गेली, तर सासूबाईंनी खांदा दाबून तिला खाली बसवलं आणि त्या स्वतःच आत गेल्या. आतून गॅसच्या लायटरचा आवाज आला. पेटेना. पुन्हा आला.

अंगणात वीरभद्रांनी पहिल्यांदाच मान वळवून भावाकडं नीट पाहिलं.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.