लातूरच्या जागी पडलेले भोक

मित्रांनो, मी एक जुने चित्रांचे पुस्तक आहे आणि आधीच कबूल करतो, मी स्वभावाने जळका आहे. दुसऱ्याचे कौतुक मला सोसत नाही.

रामकिशन गुरुजींनी मला नांदेडच्या बाजारातून उदगीरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत आणले. माझ्यात अख्खे शहर आहे. एका पानावर गर्दीचा चौक, समोर सामसूम बोळ. इकडे भरलेली बादली, तिकडे रिकामी. विरुद्ध अर्थाचे शब्द शिकवण्यासाठीच माझा जन्म. ‘वर–खाली’च्या पानावर इमारत बांधली जात होती. वरच्या मजल्यावर डोक्यावर घमेले घेतलेली बाई, खाली रस्त्यावर रिक्षा. शाळेत रंगीत असा मी एकटाच, त्यामुळे मुले माझ्यावर तुटून पडत. त्यातही दुसरीतली चांगुणा माझी लाडकी. पान उलटण्याआधी ती फ्रॉकला हात पुसायची.

लातूर नवा जिल्हा झाला, पण त्याचा नकाशा आमच्या शाळेत पोहोचायला तीन वर्षे लागली. आला तोही ऐन दुष्काळात. विहिरी आटल्या होत्या, शेतात काम नव्हते. चांगुणाला आत्याकडे ठेवून तिची आई पारूबाई लातूरला बांधकामावर गेली होती.

गुरुजींनी नकाशा भिंतीवर टांगला आणि एका ठिपक्यावर छडी टेकवली. “हे लातूर. आपला जिल्हा.”

“माझी आई हितंच हाय का, गुरुजी?” चांगुणाने विचारले.

“हाव, तिथंच हाय.”

झाले! त्या दिवसापासून चांगुणा माझी उरली नाही. शाळेत आली की आधी नकाशाकडे. ठिपक्यावर बोट ठेवून हळूच म्हणायची, “आई, जेवलीस का?” तिचे पाहून बाकीची मुलेही ठिपक्याला हात लावू लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, त्या कागदावर ना रस्ता, ना घर, ना माणूस! माझ्याकडे शहर असताना ठिपक्याशी कसल्या गप्पा? नकाशाला वाळवी लागो, असेही मनात आले. लपवत नाही.

वाळवीची गरज पडली नाही. प्यायलाच पाणी नव्हते, तर पाटीला कुठले? मुले बोटाला थुंकी लावून पाटी पुसायची आणि तीच ओली बोटे रोज त्या ठिपक्यावर. महिन्याभरात कागद झिजला आणि एके सकाळी लातूरच्या जागी भोक पडले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

चांगुणा भोकापुढे उभी राहिली. “गुरुजी, लातूर गेलं. आता आई कुठं ऱ्हाईल?” म्हणाली आणि जी रडू लागली ती काही केल्या थांबेना. माझ्या उकळ्या तिथेच निवल्या.

गुरुजींनी थोडा विचार केला, मला उघडले आणि कात्रीने माझ्या पानावरची घमेलेवाली बाई कापून घेतली. पिठाची खळ करून ती भोकाच्या मागून चिकटवली.

“बघ, काम करून राहिली तुझी आई,” गुरुजी म्हणाले. चांगुणा हसली.

आणि मी? पान गेले माझे, शोभा वाढली नकाशाची! मी नुसता धुमसत होतो. पण दुपारी चांगुणाने मला मांडीवर घेतले, कापलेल्या जागेवर तळहात ठेवला आणि शेजारच्या नीलाला सांगितले, “हे आमचं घर हाय. आई हितून कामाला गेली. परत हितंच येनार.”

मग तिचा नेमच झाला. आधी नकाशा, नंतर मी. ते ‘नंतर’ मला रोज टोचायचे.

पुढल्या वर्षी शेतात कामे निघाली. एके दिवशी पारूबाई शाळेच्या दारात उभी राहिली. चांगुणा अशी धावली की मी तिच्या मांडीवरून धपकन जमिनीवर पडलो. तिने ना नकाशाकडे पाहिले, ना माझ्याकडे. आईच्या कमरेला मिठी मारून ती कितीतरी वेळ तशीच उभी होती. मित्रांनो, मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणाचा हेवा वाटला नाही.

आता मी कपाटात पडून असतो. पुस्तकाचे पान कधी फाडू नका, कापू नका. फार दुखते. पण तुमच्या वर्गात कोणाची आई दूर कामाला गेली असेल, तर मला खाली काढा. माझी अजून पंधरा पाने शाबूत आहेत.