निळ्या कापडाखालची चौथी

माझ्या दादाच्या लग्नात मी नवरीकडून उभी होते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण भातकुलीतली निम्मी माणसं अजून मला त्यावरून चिडवतात.

झालं असं की दादा, म्हणजे संघपाल, कॅमेरूनला कापसाच्या जिनिंगमध्ये तीन वर्षं होता. तिथंच त्याला मांका भेटली. लग्न आपल्या विहारात करायचं ठरलं. तिच्याकडून आली एकटी ग्लॅडिस मावशी. मग नवरीच्या बाजूनं उभं कोण राहणार? मी, दीक्षा! वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मी कुठल्याही गोष्टीला आधी हात वर करते आणि मग विचारते की काय करायचंय.

करायचं होतं ते भारी होतं. त्यांच्याकडे नवरीला डोक्यापासून घोट्यापर्यंत कापडानं झाकतात. तिच्यासोबत आणखी दोन-तीन मुली तशाच झाकतात, सगळ्या कंबरेत वाकून अंगणात येतात आणि नवऱ्यानं आपली कोणती ते ओळखायचं. ज्या डोक्यावर हात ठेवला, ती त्याची. हात परत उचलता येत नाही.

"आणि चुकला तर?" मी विचारलं.

ग्लॅडिस मावशी हसली नाही. दादानं तिचं बोलणं आम्हाला मराठीत सांगितलं. चुकला तर चुकला. त्यानं हात ठेवायच्या आधी झाकलेली कुणी एक शब्द जरी बोलली तर लग्न मोडलं. आणि ज्या निवडल्या गेल्या नाहीत त्यांच्या हातावर काहीतरी गोड ठेवून त्यांना परत पाठवायचं. रिकाम्या हातानं गेली तर ती दाराशीच बसून राहते.

माझी आजी, इंदूबाई, ऐकून तणतणली. "आमी दीक्षा घेतली त्या साली माह्या मायनं तोंडावरचा पदर काढला, तो पुन्हा घेतला नाई. मुंडावळ्या सोडल्या, अंतरपाट सोडला. अन् तुमी आता पोरी झाकून राहिले?"

मावशी म्हणाली की त्यांच्याकडे उलटं झालं. तिच्या आजीच्या वेळी हेच निळं कापड होतं आणि कपाळाला लाल लाकडाची भुकटी. मग चर्च आलं आणि नवरीच्या डोक्यावर पांढरी जाळी आली. निळं कापड चर्चबाहेर, अंगणात उरलं.

"म्हंजे तुमच्यावर एक जाळी वाढली," आजी म्हणाली. "विहारात मातर उघड्या तोंडानं. अंगणात काय करायचं ते करा."

आदल्या दुपारी मी मांकाच्या पायाला नेलपॉलिश लावत होते. केशरी, आणि फक्त डाव्या करंगळीला. ती खूण होती. दादाला मी सांगून ठेवलं होतं, "खाली पाय पाह्य, केशरी करंगळी दिसली की हात ठेव." फसवणूक? असेल. पण मला वहिनी हीच पाहिजे होती.

मांका पायाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "लुम. सेम." लुम तिची धाकटी बहीण. दोघी एकच करंगळी रंगवायच्या. एकमेकींच्या लग्नात कापडाखाली उभं राहायचं वचन होतं त्यांचं. दोन वर्षांपूर्वी लुम तापानं गेली. मांकानं सुटकेस उघडून तळाशी घडी घातलेलं निळं कापड दाखवलं. लुमचं. मग कुलूप लावून किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजताच अंगण तापलं होतं. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर फरशी कशी असते ते सांगायला नको. आम्ही तिघी अनवाणी. पुढे आचल, म्हणजे अकोल्याच्या जठारपेठेतली माझी मामेबहीण, मधे मी, मागे मांका. कापड जाड, सुती, गडद निळं, त्यावर पांढऱ्या खुणा. आत श्वास गरम. समोर काही दिसत नव्हतं, दिसायची फक्त खालची फरशी आणि पाय.

देवराव काकांच्या हातात माईक होता, म्हणजे झालंच. "या या या! संघपाल, नीट पाह्य बे, नाईतर माही पुतनीच गळ्यात पडंन!"

ढोल वाजला. मावशीनं आम्हाला गोल फिरवलं, एकमेकींचे धरलेले हात सुटले, पुन्हा फिरवलं. ढोल थांबला. माझ्या उजव्या हातात कुणीतरी हात दिला.

गार. माठाला हात लावावा तसा. बरं वाटलं, खरंच सांगते. मी खाली पाहिलं, करंगळी केशरी. मांकाच.

तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "तिघी होत्या ना व?"

"त्यांच्याकडची असंन एखादी."

"त्यांच्याकडून तं मावशीच आली फक्त."

मी मान आणखी वाकवली. त्या पायांच्या पलीकडे अजून दोन पाय होते. त्यांचीही डावी करंगळी केशरी.

ओरडावंसं वाटलं. पण ओरडले तर लग्न मोडलं. भर सभेत न थांबता बोलणारी मी, आणि तोंड शिवलेलं.

दादाचे पांढरे बूट आले. आचलवरून गेले. माझ्यावरून गेले. माझ्या शेजारी थांबले.

"सापडली," तो हळूच म्हणाला. त्याला हीच करंगळी आधी दिसली होती.

मी वेड्यासारखी पायांकडे पाहत होते. आणि मग दिसलं. आचलचे पाय नाचत होते, चटका बसतो तसे, एक वर एक खाली. माझेही. पलीकडचे केशरीवाले पायही थुईथुई करत होते. फक्त माझा हात धरलेलीचे पाय फरशीवर सपाट, शांत. एकदाही उचलले नाहीत.

दादाच्या बाहीची सावली फरशीवर वर सरकली.

मी तो गार हात घट्ट धरला आणि मागे ओढलं. सगळा जोर लावला होता, पण ती आली कापसाच्या गाठोड्यासारखी. हलकी. दोन्ही कापडं मागे सरकत कडुलिंबाच्या सावलीत गेली.

"अरे, पळाल्या! दोघी पळाल्या!" काका माईकमध्ये. सगळे हसले.

दादाचा हात हवेत राहिला असावा. मग बूट पुढे गेले. मग टाळ्या, शिट्ट्या, ढोल, आणि मांकाचा रडका-हसरा आवाज, "संघपाल! कितना टाइम!"

मी कापड काढलं नाही. तो हात माझ्या हातातच होता. लाल लाकडाचा कोरडा वास येत होता, आणि ती काहीच करत नव्हती. उभी होती. वाट पाहत होती.

आजीचे पाय आले. तिनं ताटलीत गुळाचे खडे आणले होते, दोनच, कारण नवरी सोडून दोघीच होतो ना आम्ही. आचलनं आपला घेतला होता. एक उरला होता. माझा.

"अन् ही कोनाची व?"

मी तो गार हात आणखी घट्ट धरला.

आजीनं हात पुढे केला. जिला झाकलेलं तोंड सहन होत नाही, तिनं तेच केलं जे ती करणार होती. शेजारच्या कापडाचं टोक उचललं.

किती वेळ ती तशीच वाकून होती कुणास ठाऊक. मग तिनं टोक खाली सोडलं. हळूच. आणि वरून सारखं केलं, पांघरूण सारखं करतात तसं.

"घे माय," ती म्हणाली, आणि माझा गूळ तिच्या हातावर ठेवला. "बहिनीचं चांगलं झालं. मी हावो इथं तिच्यापाशी. जाय आता आपल्या घरी."

माझी मूठ रिकामी झाली. मी कापड डोक्यावरून फेकलं. लिंबाखाली आजी आणि मी.

"आजी, काय दिसलं?"

"लेक होती कोनाची तरी," ती म्हणाली आणि रिकामी ताटली पदरानं पुसत विहाराकडे गेली. त्रिशरण सुरू होणार होतं.

संध्याकाळी मांका कापडं ठेवायला बसली. साखळीतली किल्ली काढून तिनं कुलूप उघडलं. मी शेजारीच होते. सुटकेसच्या कडेवरून मुंग्यांची ओळ आत गेली होती, थेट तळाच्या घडीत. घडीत गुळाचा चुरा होता.

मांकानं माझ्याकडे पाहिलं. दादानं शिकवलेलं सगळं वऱ्हाडी गोळा करून तिनं विचारलं, "दीक्षा. तिचे पाय... भाजले?"

"नाई वहिनी. एकदाही उचलले नाई."

ती हसली, आणि मग बराच वेळ रडली. मी मुंग्या झटकायला हात पुढे केला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "खाऊ दे."