नारिंगी भुकटी

शेफाली छोट्या मोटारींना गंज लावायची. आठवडाभर हिंजवडीची नोकरी, आणि सुटीच्या दिवशी वाघोलीच्या फ्लॅटच्या गॅलरीत वीतभर लांबीच्या जीप आणि ट्रक मांडून स्पंजच्या तुकड्याने त्यांच्या कडांवर तपकिरी रंग टिपत बसायचं. खरा गंज कसा दिसतो ते बघायला ती भंगाराच्या दुकानांत तासन्‌तास रेंगाळायची. जुना गंज काळपट आणि घट्ट बसलेला. नारिंगी, भुरभुरीत दिसला, तर तिथं लोखंड अजून लोखंडावर घासतंय.

त्या रविवारी जत्रेत तिचा नवरा सूरज सहा वर्षांच्या लेकीला, पूर्वाला घेऊन आकाशपाळण्यात बसला. शेफालीला चक्कर यायची, म्हणून ती फोटो काढायला खालीच थांबली. माणसं भरत भरत पाळणा एकेक डबा पुढे सरकत होता. त्यांचा निळा डबा वर गेला. तिने फोनवर चित्र मोठं केलं.

डबा ज्या बोल्टावर लटकत होता, त्याच्याभोवती नारिंगी भुकटीचं कडं होतं. ताज्या निळ्या रंगावर खालपर्यंत ओघळ आला होता. बाकीच्या डब्यांचे बोल्ट स्वच्छ होते.

तिने सूरजला फोन लावला. "पूर्वाला मांडीवर घे. अजिबात हलू नका."

"का गं?"

"विचारू नकोस. मधला दांडा घट्ट धर."

पाळणा चालवणारा गेनबा कळ ओढायच्या बेतात होता. शेफाली साखळी ओलांडून आत घुसली.

"दादा, त्या निळ्या डब्याचा बोल्ट ढिला झालाय. फिरवू नका!"

"ताई, तुम्ही इंजिनिअर हाय का?"

"नाही. मी खेळण्यातल्या मोटारी रंगवते."

रांगेतून कोणीतरी म्हणालं, "मग रंग बरा दिलाय का, तेवढं सांगा." लोक हसले.

शेफालीने कळीवर दोन्ही हात ठेवले. "तो डबा आधी खाली आणा. हळू. तोवर मी इथून हलणार नाही."

तिचा चेहरा बघून गेनबाने वाद न घालता कळ हळूच ओढली. पाळणा कुरकुरत, हिसके देत फिरू लागला. वरून पूर्वा आनंदाने हात हलवत होती. "हात आत घे!" शेफाली ओरडली.

डबा एकदाचा टेकला. तिने पूर्वाला ओढून छातीशी धरलं.

"एक चक्करपण नाही झाली!" पूर्वाने भोकाड पसरलं.

"काय चाललंय तुझं?" सूरज चिडला होता.

गेनबाने वाकून बोल्टाच्या नटाला चिमटीत धरलं. पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी तो गरागरा फिरला. रांगेतलं हसणं थांबलं. सूरजने शेफालीच्या खांद्यावर हात ठेवला.

गेनबाने एकेक डबा खाली आणून माणसं उतरवली. शेवटचं कुटुंब उतरेपर्यंत शेफाली पूर्वाला घेऊन तिथंच उभी होती. मग गेनबा फळीवर मटकन बसला. त्याच्या बोटांना अजून भुकटी लागलेली होती.

"सकाळी माझी पोरगी त्याच डब्यात बसली व्हती, ताई," तो म्हणाला.