मनोरमेची तबकडी

कापूस काळा व्हायला लागला तसे आनंदराव खूश झाले. इतक्या वर्षांचा मळ सहजासहजी निघणार नाही, म्हणून त्यांनी आणखी एक बोळा सॅनिटायझरमध्ये बुडवला आणि तबकडीवर गोल गोल फिरवला. तोही काळाकुट्ट निघाला. मग त्यांनी तबकडी उलटवली आणि दुसरी बाजूही तितक्याच निगुतीने पुसून काढली.

सुमतीबाई दुपारच्या भजनी मंडळात गेल्या होत्या. आनंदरावांना घरात एकट्याने काम करायला आवडे. मध्येच कुणी बोललं की हात चुकतो, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि चुकलेल्या प्रत्येक हातामागे त्यांना बायकोचं एखादं वाक्य सापडे. तबकडीबरोबर आलेल्या जुन्या ग्रामोफोनची, म्हणजे फोनोची, मुख्य स्प्रिंग सटकून अंगठा सोलवटला तेव्हा सुमतीबाईंनी चहा हवा का म्हणून विचारलं होतं. एका इंजिनिअरिंग कंपनीच्या तपासणी खात्यात आनंदराव टिपणिसांचा जन्म गेला होता. तिथे माल नापास केला की तो कुणाच्या हातून बिघडला तेही लिहावं लागे. नोकरी संपली, सवय राहिली, आणि घरात दुसरं माणूस एकच होतं.

फोनो आणि तबकडी शहाडहून आली होती. सुमतीबाईंना जन्म देऊन वर्षाच्या आतच त्यांची आई, मनोरमा, गेली. लग्नाआधी एका छोट्या कंपनीने तिची दोन गाणी मुद्रित केली होती, तबकडीच्या दोन बाजूंना दोन, एवढंच सुमतीबाई ऐकून होत्या. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि घरात मनोरमेचं नाव निघेनासं झालं. यंदा मामांचं शहाडचं घर रिकामं करताना मामांच्या नातीला, सुमेधाला, माळ्यावर चावीचा फोनो मिळाला आणि त्याच्या झाकणाच्या आत ही तबकडी. ती टिपणिसांच्या टेबलावर ठेवली गेली तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या सुमतीबाई तिच्या मधल्या गोल कागदावरच्या आईच्या नावावरून बोट फिरवत राहिल्या.

"बोटं बघ तुझी, तेलकट," आनंदराव म्हणाले, आणि तबकडी त्यांनी आपल्या कपाटात ठेवून दिली. त्यानंतर सुमतीबाईंनी ती पाहिली नाही.

डोंबिवलीला राहणाऱ्या मुलीने, ऋजुताने, सोपा मार्ग सुचवला होता. तिच्या ओळखीत जुन्या तबकड्या जमवणारे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे विजेवरचं यंत्र होतं. ते गाणी मोबाइलवर उतरवून द्यायला तयार होते.

"बाबा, तासाभराचं काम आहे. आईला लगेच ऐकायला मिळेल."

"ज्या फोनोवर ती वाजायची त्याच फोनोवर वाजेल," आनंदराव म्हणाले. "इतकी वर्षं थांबली ना तुझी आई? आणखी थोडी थांबेल."

सुमतीबाई थांबल्या. आनंदरावांनी फोनो उघडला, घट्ट झालेलं ग्रीस रॉकेलने धुतलं, सुई बसते त्या साउंडबॉक्समधल्या कडक झालेल्या रबराच्या जागी सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कापून बसवली. काम वाईट नव्हतं, हे मान्य करायला हवं. माणूस हाताने हुशार होता.

आणि आज दुपारी, पुसायच्या आधी, त्यांनी चावी भरून, नवी सुई लावून तबकडीची एक बाजू ऐकलीही होती. खरखरीतून एक बाई गायला लागली आणि आनंदराव खुर्चीत ताठ बसले. तो सुमतीबाईंचा आवाज होता. लग्न होऊन नुकत्याच या घरात आलेल्या, स्वयंपाक करताना गुणगुणणाऱ्या सुमतीचा. वरच्या स्वराला जाताना घशात जरासा अडणारा, आणि मग मोकळा होणारा. त्या अडण्यावरून आनंदरावांनी तिला जन्मभर चिडवलं होतं. पुढे ती घरात गायची बंद झाली आणि मंडळातही मागच्या ओळीत बसून टाळ वाजवू लागली.

गाणं संपलं. छान होतं, पण खरखर फार होती. येत्या रविवारी शेजारी आणि नातेवाईक ऐकायला येणार होते; चारचौघांत वाजवायची तर लख्ख वाजायला हवी, म्हणून त्यांनी सॅनिटायझर काढला. करोनात घेतलेला मोठा कॅन अजून संपला नव्हता, आणि या घरात तेव्हापासून सगळं त्यानेच पुसत. तबकडी साफ कशी करावी याचा एक व्हिडिओही त्यांनी लावला होता, पण तो माणूस फार पाल्हाळ लावत होता, म्हणून अर्ध्यावर बंद केला.

पुसलेली तबकडी वाळली तेव्हा तिची चमक गेली होती. आनंदरावांनी सुई टेकवली. गाणं नव्हतं. ओल्या फरशीवर चप्पल घासावी तसा आवाज येत राहिला. त्यांनी बाजू बदलली. तिकडेही तेच.

मग त्यांनी व्हिडिओचा राहिलेला भाग पाहिला. या तबकड्या लाखेच्या असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सॅनिटायझर तर चुकूनही लावू नका, असं तो माणूस अगदी सावकाश सांगत होता. आनंदरावांनी काळे बोळे कागदात गुंडाळले आणि खाली जाऊन सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. त्यांना वाईट वाटलं नाही असं नाही. पण वाईट वाटण्याहून भीती मोठी होती. रविवारी सगळ्यांसमोर हे आपल्या नावावर लागणार होतं. सुमतीबाई परतल्या आणि म्हणाल्या, "झालं का हो काम?"

"झालं," ते म्हणाले.

रविवारी सुमतीबाई सकाळपासून कोथिंबीर वड्या तळत होत्या. मजल्यावरची मंडळी आली, शहाडहून सुमेधा आली, ऋजुता आली. सुमतीबाईंनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. आनंदरावांनी पाहुण्यांना स्प्रिंग, चावी, व्हॉल्व्हची नळी सगळं समजावून सांगितलं. मग ते कपाटातून तबकडी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"ही घे," ते मोठ्याने म्हणाले. "वाजवायच्या आधी तुझ्या हाताने पुसून आण. तुझ्या आईची आहे, मान तुझा."

सुमतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. असं काही ऐकायची त्यांना सवय नव्हती. त्यांचा चेहरा इतका फुलला की आनंदरावांनी नजर वळवली.

"पाण्याने पुसू?"

"पाणी नको. पाण्याने खराब होते."

एवढंच बोलून ते बाहेर आले. ओट्यावर वड्यांच्या ताटाशेजारी सॅनिटायझरची बाटली होती आणि कापसाची गुंडाळी. सुमतीबाईंनी साबणाने हात धुतले, मग सॅनिटायझरने हात चोळले, बोटाला तेल लागलेलं नाही ना ते दोनदा पाहिलं. मग कापूस भिजवून आईची तबकडी पुसली. हळूहळू, तान्ह्या बाळाचं अंग पुसावं तशी.

आनंदरावांनी चावी भरली. सगळे सरसावून बसले. सुई टेकली आणि चप्पल घासायला लागली.

"सुई खराब असेल," कुणीतरी म्हणालं.

आनंदरावांनी सुई बदलली, बाजू बदलली. मग तबकडी उचलून खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरली, कंपनीत माल धरत असत तशी.

"कशाने पुसलीस?"

"सॅनिटायझरने," सुमतीबाई म्हणाल्या. "का हो?"

त्यांनी तबकडी टेबलावर ठेवली. मग त्यांनी पाहुण्यांकडे वळून लाख आणि स्पिरिट सविस्तर समजावून सांगितलं. आवाज अजिबात चढवला नाही. सुमतीबाई मध्येच खाली बसल्या.

"बाबा, तुम्ही तिला आधी सांगायचं ना," ऋजुता म्हणाली.

"मला काय स्वप्न पडलं होतं? मी विश्वासाने दिली."

"आत्या, तुला काय माहीत असणार," सुमेधा म्हणाली, पण तिलाही रडू आवरत नव्हतं. मंडळी थोडा वेळ थांबली, वड्या कुणी फारशा खाल्ल्या नाहीत. ऋजुता राहते म्हणाली, तर सुमतीबाईंनीच तिला घरी पाठवलं.

घर रिकामं झालं. आनंदराव खुर्चीत बसून फोनोचं झाकण पुसत होते. सुमतीबाई येऊन समोर उभ्या राहिल्या. त्यांना बसायचंही सुचत नव्हतं.

"तुमची एवढी मेहनत," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताने सगळी वाया गेली. मला माफ करा."

"जाऊ दे आता. होतं माणसाच्या हातून," आनंदराव म्हणाले. त्यांना खूप हलकं वाटत होतं.

सुमतीबाई तरी हलल्या नाहीत. पदराच्या टोकाशी त्यांची बोटं चाळा करत होती.

"अहो, शहाडच्या मामी एकदा म्हणाल्या होत्या, माझा आवाज आईवर गेलाय. असेल का हो तसा?"

आनंदरावांचा हात झाकणावर थांबला. हो म्हणायला काहीच लागणार नव्हतं. पण हो कशावरून, असं तिने विचारलं असतं.

"मामी बोलायला चांगल्या होत्या," ते म्हणाले. "तुझ्यासारखा कसा असेल? तिच्या आवाजाची लोकांनी तबकडी काढली होती."

सुमतीबाईंनी क्षणभर विचार केला.

"तेही खरंच," त्या म्हणाल्या, आणि उरलेल्या वड्या डब्यात भरायला आत गेल्या.