रघुवीर मयेकर यांची सावली व इतर प्रेक्षणीय स्थळे

बसमधून उतरल्यावर गाईडने सगळ्यांत आधी दाखवली ती कुमुदिनीच्या नवऱ्याची सावली. बंदराच्या जुन्या रोमन भिंतीवर ती चौतीस वर्षं पडलेली होती. खांद्यावर पिशवी, पाय किंचित फाकलेले, समोर पितळी कठडा. सूर्य कुठेही असला तरी सावली जागची हलत नसे. ऐन दुपारी थोडी फिकी पडायची, इतकंच. ठाण्या-पुण्याकडच्या सोळा प्रवाशांनी फोन वर करून तिचे फोटो काढले.

कुमुदिनी मयेकर कठडा धरून उभी राहिली. सावलीचा डावा खांदा उतरलेला होता. लग्नाआधी माडावरून पडून रघुवीरचं हाड मोडलं होतं, ते कधी नीट बसलंच नाही.

"हे आमचे हे," ती गाईडला म्हणाली.

"हो," लुचीया म्हणाली. ती मराठीत बोलत होती आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. "म्हणून तर तुमच्या ग्रुपला आधी इथे आणलं. बाकीचे किल्ल्यापासून सुरुवात करतात."

रघुवीर मालवाहू जहाजावर फिटर होता. नव्वद साली जहाज भूमध्य समुद्राकाठच्या या शहरात लागलं, तो शहर बघायला खाली उतरला आणि जहाज सुटेपर्यंत परतला नाही. मागाहून एक कार्ड आलं. 'इथे बघण्यासारखं पुष्कळ आहे. बघून झालं की येतो.' कुमुदिनी वेंगुर्ल्याच्या पोस्टात कारकून होती. कार्डावर तिनेच शिक्का मारला, तिनेच ते घरी नेलं. पुढे निवृत्त होईपर्यंत गावाचं सगळं टपाल तिच्या हातून गेलं, पण त्याच्या अक्षरातलं काही आलं नाही. सात वर्षांनी मोठ्या दिरांनी कोर्टाचा कागद पुढे केला. तिने सही केली, आणि कागदोपत्री रघुवीर मेला.

ही सहल ठरवली होती रश्मीने. बाप गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. "एकदा डोळ्यांनी बघून घे आई," ती म्हणाली होती, "म्हणजे तू तरी सुटशील."

आता रश्मी सावलीकडे बघत होती. तिने कठड्यावरून हात घालून सावलीच्या हाताला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"गार आहे," ती म्हणाली.

तिथून सगळे समुद्राकडे तोंड केलेल्या अर्धगोल रंगमंडलात गेले. दगडी पायऱ्या उन्हाने पांढऱ्या पडल्या होत्या. लुचीयाने सांगितलं की इथे बोललेला शब्द विरत नाही, एका पायरीवरून दुसरीवर फिरत राहतो. मयेकरांचं एक वाक्य सध्या चौथ्या ओळीत आहे. लोकांनी रांग लावून दगडाला कान लावला. पुण्याचे फाटक उठताना गुडघे झाडत म्हणाले, "स्वच्छ येतंय हो."

कुमुदिनी वाकली. दगड तापलेला होता. आतून आवाज आला, "कुमुद, अजून थोडंच राहिलंय."

तिने पुन्हा ऐकलं, मग तिसऱ्यांदा. मागचे लोक चुळबुळ करू लागले तेव्हा ती उठली. रश्मीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "असा होता बाबांचा आवाज?"

"नाही," कुमुदिनी म्हणाली. "तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते. हा म्हाताऱ्या माणसाचा आवाज आहे."

रश्मीने आईच्या पाठीवरचा पदर सारखा केला. सारखाच होता.

जुन्या वस्तीत शिरल्यावर गल्ल्या अरुंद होत गेल्या. कुमुदिनीने मागे वळून पाहिलं तेव्हा ज्या गल्लीतून ते आले ती निम्मीच उरली होती. पुन्हा वळून पाहिलं तेव्हा तिथे भिंत होती आणि भिंतीवर कुणाच्या तरी चादरी वाळत होत्या. मासळीबाजारात बर्फावर तारल्या मांडून बसलेल्या एका बाईने तिला हाक मारली.

"आलात का? उशीर केलात बाई. ते आत्ताच गेले."

"कुठे गेले?"

"चर्चात. पिवळ्या टोप्यांच्या ग्रुपबरोबर. रोज फिरतात. सगळं बघून झालंय त्यांचं, एक जागा तेवढी राहिलीय." बाईने एक मासळी उलटी करून ठेवली. "ती अजून उघडलेली नाही."

कुमुदिनी चालू लागली. सदुसष्टाव्या वर्षी जेवढं भरभर चालता येतं त्याहून भरभर.

"आई, ग्रुप सोडू नकोस!" रश्मी मागून ओरडली. पण गल्लीने कुमुदिनीला आत घेतलं आणि तिच्यामागे बंद झाली.

चर्चच्या आवाराला चारी बाजूंनी खांबांची ओवरी होती. दारावरच्या फलकात एका बाजूचे खांब एकवीस लिहिले होते. कुमुदिनीने सवयीने मोजायला सुरुवात केली. साठ झाले, नव्वद झाले, ओवरी पुढे वाढतच होती. पार टोकाला पिवळ्या टोप्या दिसल्या. त्यांच्यात सगळ्यांत मागे एक माणूस हळूहळू चालत होता. डावा खांदा उतरलेला.

"अहो!"

तो थांबला नाही.

इतकी वर्षं जे सांगायचं होतं ते तिने त्या पाठीला सांगून टाकलं. "अहो, मी सही केली! दिरांनी कागद आणला नि मी केली. रश्मी शाळेत जायची, बाप काय करतो म्हणून विचारायचे. रोज काय सांगायचं तिनं? म्हणून केली!"

तिचा आवाज खांबांखांबांतून पुढे गेला. माणसाने खांद्यावरची पिशवी सावरली, मान थोडी वळवली आणि टोप्यांबरोबर कोपऱ्यावरून दिसेनासा झाला.

तिच्या हाताशी एक बुटकं दार होतं. धावत वळसा घालण्यापेक्षा इथून लवकर पोचू, असं तिला वाटलं. ती वाकून आत शिरली आणि दार मागे भिंतीत मिटलं.

आत तिच्या वेंगुर्ल्याच्या घराची ओटी होती. तोच पाट, तेच कोनाडे, पोस्टात जाताना न्यायची ती छत्री खुंटीला. पलीकडच्या बाजूला भिंत नव्हती. तिथे लाल दोरी बांधली होती आणि दोरीपलीकडे खुर्चीवर गणवेशातला एक पहारेकरी बसला होता. कुमुदिनी दोरीखालून बाहेर यायला वाकली.

"इकडून नाही, बाई," तो अदबीने म्हणाला. "बसा. लोक येतायत."

ती पाटावर बसली. पाय भरून आले होते. मग लुचीया आली, तिच्यामागे ठाण्या-पुण्याचे लोक. कुमुदिनीने रश्मीला हाक मारली. हाक मारल्याचं तिला कळलं, पण दोरीपलीकडे कुणी मान वर केली नाही. रश्मी पुढे होऊन बराच वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरले होते.

"हिचे हात अगदी माझ्या आईसारखे आहेत," ती फाटकांना म्हणाली.

"कारागिरी आहे," फाटक म्हणाले.

रश्मीने एक फोटो काढला. जाताना तिने दोनदा मागे पाहिलं.

मग पिवळ्या टोप्या आल्या. दोरीपाशी एकेक जण येत होता, बघत होता, पुढे सरकत होता. शेवटी तो आला. केस पांढरे, दात थोडे, शर्टाची वरची बटणं उघडी. दोरीजवळच्या फलकावर बोट फिरवत त्याने एकेक ओळ वाचली.

"हे नवीन का?" त्याने विचारलं.

"आजच उघडलं," त्यांची गाईड म्हणाली. "चला, पाच मिनिटांत बस सुटेल."

बाकीचे निघाले. तो हलला नाही. कुमुदिनी पाटावरून उठली. त्याने टोपी काढली, पिशवी खाली ठेवली आणि दोरीवर हात ठेवला. पहारेकरी खुर्चीवरून उठून उभा राहिला.